लाडूला अमॉक्सिसिलिन पाजू का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलीच्या हट्टापायी दीड वर्षापूर्वी दोन डेगू घरी आणले. एक लाडू, दुसरी चकली. तीन दिवस झाले, लाडूचा डावा डोळा पाणावलेला असतो, मधूनच शिंकतो, खाणं निम्म्यावर आलंय. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांच्या औषधांच्या डब्यात अमॉक्सिसिलिनचं लहान मुलांचं ड्राय सिरप आहे. ‘तान्ह्या बाळाला चालतं ते उंदराला न चालायला काय झालं? दोन थेंब पाज,’ असं त्यांचं म्हणणं. इथे व्हेटची वेळ दोन दिवसांनंतरची मिळतेय आणि जवळचे व्हेट कुत्री-मांजरंच बघतात. तोवर हे द्यावं का? दोघंही अंग खाजवतात, तर आमच्या कुत्र्याच्या पिसवांच्या औषधाचा एखादा थेंब चालेल का? आणि घरगुती काही करता येईल का?

— एक वाचक, रेडिंग

उत्तर : नको. अमॉक्सिसिलिन नको आणि कुत्र्याचा थेंबही नको. एवढं ईमेलने त्याच संध्याकाळी कळवलं होतं. छापील उत्तर यायला महिना लागतो आणि खाणं सोडलेल्या डेगूकडे महिना नसतो, दोन दिवसही नसतात. आता सवडीने लिहितो, कारण सासूबाईंचा प्रश्न मला आवडला. बाळाला चालतं ते याला का चालू नये? त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं.

पहिलं म्हणजे लाडू उंदीर नाही. डेगू मूळचा मध्य चिलीचा, अँडीजच्या पायथ्याच्या झुडपी, कोरड्या रानातला. चिलीतच जन्मलेल्या मोलिना नावाच्या जेझुइट पाद्र्याने 1782 मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे चार्ल्स डार्विन तिथे गेला, तेव्हा शेतांच्या कुंपणांतून हे प्राणी त्याला भरपूर दिसले. शास्त्रीय नावातला ‘ऑक्टोडॉन’ म्हणजे आठदात्या, कारण त्याच्या दाढेचा चावणारा भाग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो. नात्याने तो गिनीपिग आणि चिंचिला यांचा भाऊबंद. आपल्या माळ्यावरचा उंदीर त्याचा फार लांबचा पाहुणा. हे कुळ सांगत बसलो, कारण पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं उंदराला बऱ्यापैकी सोसतात आणि गिनीपिगच्या घराण्याला मारतात.

ही गोष्ट मोठी नाट्यमय आहे. 25 मे 1940 रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ उंदरांना मारक जंतू टोचले आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. सकाळी औषध न मिळालेले चार मरून पडले होते, औषध मिळालेले चारही जिवंत होते. पेनिसिलिनची पुढची सगळी कहाणी त्या रात्रीवर उभी आहे. तीनच वर्षांनी, 1943 मध्ये, अमेरिकेतल्या संशोधकांनी हेच औषध गिनीपिगला टोचलं तेव्हा प्राणी दगावू लागले. फ्लोरींच्या पिंजऱ्यात त्या रात्री उंदरांऐवजी गिनीपिग असते, तर पेनिसिलिन विषारी ठरवून कुणीतरी बाटली मोरीत ओतली असती, असं औषधशास्त्र शिकवणारे आजही वर्गात सांगतात.

मी पशुवैद्यकाचा विद्यार्थी असताना आमच्या प्राणिगृहातल्या एका गिनीपिगच्या पायाला गळू झालं. मी हुशारी करून पेनिसिलिन टोचलं. गळू बसलं. चौथ्या दिवशी पोट फुगून गिनीपिग गेला. आमच्या सरांनी एक अक्षर न बोलता पुस्तकाचं पान उघडून समोर ठेवलं. ते पान अजून डोळ्यांसमोर आहे.

असं का होतं? डेगू गवतावर जगतो आणि गवत पचवायचं काम त्याचं स्वतःचं नसतंच. लहान आतड्याच्या शेवटी एक मोठी पिशवी असते, तिला अंधनाल म्हणतात. तिथे कोट्यवधी जिवाणू ते गवत आंबवतात. आपल्याकडे इडलीचं पीठ आंबतं, तसं, फक्त अहोरात्र. त्यातून तयार झालेलं सत्त्व वाया जाऊ नये म्हणून डेगू आपल्या काही लेंड्या पुन्हा खातो, बहुतेक रात्रीच्या वेळी. मुलीला सांगा, ते घाणेरडं नाही, ते त्याचं रात्रीचं जेवण आहे. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे पोटात गेलं की या भल्या जिवाणूंची फळी कापली जाते. मग क्लॉस्ट्रिडियम नावाचे, एरवी कोपऱ्यात दबून राहिलेले जंतू मोकळ्या रानात माजतात आणि विष सोडतात. जुलाब, पोटफुगी, अंग गार पडणं आणि दोन-चार दिवसांत शेवट. 1970च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हॅम्स्टरांना क्लिंडामायसिन देऊन हाच प्रकार अभ्यासला गेला, आणि प्रतिजैविकांनंतर माणसांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाबांमागेही हाच जंतू आहे, हे त्यातून उमगलं.

तर सासूबाईंना सांगा : बाळाच्या पोटातले जिवाणू मदतनीस असतात, लाडूच्या पोटातले जिवाणू त्याचे स्वयंपाकी आहेत. बाळाला फार तर चार दिवस शी पातळ होईल. याची चूलच विझेल.

तोंडावाटे दिल्यास ज्यांनी घात होतो ती नावं लिहून ठेवा : अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि त्यांचे सगळे जोडप्रकार, सेफालेक्सिनसारखी सेफालोस्पोरिनं, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन. आपल्याकडची दाढदुखी, घसा आणि पुटकुळ्या यांवरची जवळजवळ सगळी यादी यात आली. व्हेट सहसा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा सल्फा-ट्रायमेथोप्रिम यांच्याकडे वळतात. ही नावं दिली ती व्हेटशी बोलताना तुम्हाला कळावीत म्हणून, दुकानातून आणावीत म्हणून नाही. औषध तेच असलं तरी ते कोणत्या वाटेने शरीरात जातं यानेही फरक पडतो. सशाला पेनिसिलिनचं इंजेक्शन सर्रास देतात, पण तेच तोंडावाटे दिलं तर ससा मरतो. गिनीपिगला तर इंजेक्शनही सोसत नाही. तेव्हा ‘सशाला दिलं होतं’ ही साक्ष लाडूच्या खटल्यात चालणार नाही.

आता थेंबाचा हिशेब. ‘दोनच थेंब’ हे शब्द मराठी घरात फार निरागस वाटतात. लाडूचं वजन धरा 200 ग्रॅम. 60 किलोच्या माणसात असे तीनशे लाडू मावतात. लाडूला एक थेंब म्हणजे माणसाला तीनशे थेंब. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला, तर ते झाले पंधरा मिलिलीटर, म्हणजे तीन चमचे. ‘दोनच थेंब’ म्हणजे सहा चमचे.

बरं, थेंबात किती औषध आहे हे तरी कुठे ठरलंय? साधं पॅरासिटामॉल घ्या. इंग्लंडात तान्ह्या मुलांच्या सिरपमध्ये 5 मिलिलीटरला 120 मिलिग्रॅम असतं. आपल्याकडे 125 मिळतं, 250 मिळतं, आणि बाळांच्या थेंबांच्या छोट्या बाटलीत तर एका मिलिलीटरमध्येच 100 मिलिग्रॅम. रंग तोच गुलाबी, चव तीच, आणि एका बाटलीतला थेंब दुसरीतल्या थेंबाच्या चौपट जड. वेदनेसाठी व्हेट बहुधा मेलॉक्सिकॅम देतात. त्यातही कुत्र्याच्या द्रावणात मिलिलीटरला 1.5 मिलिग्रॅम आणि मांजराच्या द्रावणात 0.5 असतं. कपाटात दोन्ही असतील तर बाटली बदलल्याने तिप्पट चूक. माणसाची गोळी तर 7.5 किंवा 15 मिलिग्रॅमची. तिचा ‘छोटासा तुकडा’ तोडणाऱ्या सुरीला लाडूचं वजन ठाऊक नसतं.

याच्या उलट चूकही होते. लहान प्राण्याचं शरीर औषध भराभर जाळतं, त्यामुळे काही औषधं किलोमागे आपल्यापेक्षा जास्त द्यावी लागतात आणि दिवसातून जास्त वेळा. म्हणून माणसाच्या मात्रेला तीनशेने भागलं की झालं, असंही नाही. भीतभीत अर्धवट दिलेल्या औषधाने दुखणं तसंच राहतं आणि जंतू मात्र त्या औषधाला सरावतात. हे गणित त्रैराशिकाने सुटत नाही. एकेका प्राण्यावर, एकेका औषधाचा अनुभव गोळा करूनच मात्रा ठरतात, आणि डेगूवर असा अनुभव कुत्र्याच्या मानाने थोडा आहे.

खाजेचं बोलू. अंग खाजवण्यामागे पिसवा असतील, माइट्स असतील, कोरडी त्वचा असेल, नाहीतर वाळूत लोळायला मिळत नसल्याने तेलकट झालेली लव असेल. डेगूला अंघोळ पाण्याची नको, बारीक वाळूची हवी. डोळा दुखत असेपर्यंत मात्र वाळू काढून ठेवा.

कुत्र्यांच्या मानेवर सोडायच्या पुष्कळ थेंबांमध्ये फिप्रोनिल असतं. इंग्लंडात त्याच्या वेष्टनावरच सशांना देऊ नका असं छापलेलं असतं, कारण ससे दगावले आहेत. लहान प्राणी अंग चाटतात आणि जोडीदाराचंही चाटतात. कातड्यावर टाकलेलं औषध तासाभरात पोटात पोचतं. लाडूवर टाकाल आणि चकली चाटेल. म्हणूनच माणसांची मलमं, विशेषतः स्टिरॉइडची, झिंक ऑक्साइडची, आणि टी-ट्रीसारखी उग्र तेलं यांना डेगूच्या बाबतीत बाहेरून लावायचं औषध समजू नका. ती पोटात घ्यायचीच औषधं आहेत. कुत्र्याला त्याचं औषध लावलंत तर तो पूर्ण कोरडा होईपर्यंत डेगूंच्या खोलीत येऊ देऊ नका.

माइट्सवर आयव्हरमेक्टिन उपयोगी पडतं, हे खरं. आता त्याचा हिशेब बघा. गाईंसाठी मिळणाऱ्या एक टक्क्याच्या इंजेक्शनची मात्रा 50 किलोला 1 मिलिलीटर. त्याच प्रमाणात 200 ग्रॅमला येतं 0.004 मिलिलीटर. इन्सुलिनच्या सिरिंजवरची सगळ्यात बारीक रेघ 0.01 मिलिलीटरची, म्हणजे अर्ध्या रेघेपेक्षाही कमी! हाताला जरा धक्का लागला की दुप्पट. व्हेट हे औषध योग्य द्रवात पातळ करून मगच देतात, किंवा डेगूला मोजून देता येईल असं दुसरं औषध निवडतात. गावाकडे गोठ्यात आयव्हरमेक्टिनची बाटली असणं सोपं आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तुम्ही इंग्लंडात आहात, तर तिथल्या कायद्याचंही थोडं. डेगूसाठी म्हणून परवाना मिळालेलं औषध शोधलंत तर हाती फार काही लागणार नाही. एवढ्या छोट्या बाजारासाठी कंपन्या चाचण्यांचा खर्च करत नाहीत. म्हणून व्हेटसाठी तिथे एक उतरंड ठरवून दिली आहे. आधी त्याच प्राण्यासाठी परवाना असलेलं औषध पाहायचं. ते नसेल तर दुसऱ्या प्राण्याचं. तेही नसेल तर माणसाचं किंवा परदेशातून परवानगीने मागवलेलं. अगदी शेवटी औषधनिर्मात्याकडून खास बनवून घेतलेलं. ही उतरंड व्हेटने उतरायची, आपण नाही. व्हेटने लिहून दिल्याशिवाय माणसाचं औषध पाळीव प्राण्याला देणं तिथे कायद्यात बसत नाही, आणि सांगलीहून पाहुण्यांच्या बॅगेतून मागवणंही नाही. व्हेट तुमच्याकडून एका कागदावर सही घेतील, की हे औषध या प्राण्यासाठी परवाना असलेलं नाही हे मला सांगितलं आहे. त्या कागदाने लोक धास्तावतात. धास्तावू नका. डेगूच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक चांगल्या व्हेटला तो भरून घ्यावाच लागतो. प्रतिजैविक हवं असेल तर सप्टेंबर 2023 पासूनच्या नियमानुसार, अगदी अपवाद सोडता, प्राण्याला हात लावून तपासावं लागतं. तेव्हा फोनवर ‘काहीतरी लिहून द्या’ हा मार्गही बंद आहे, आणि मला विचाराल तर बरंच आहे.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात मात्र सशांसाठी आणि छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून काही बाटल्या उघड्यावर मिळतात. 2013च्या नियमांत छोट्या प्राण्यांसाठी एक सवलत आहे, तिच्या आधाराने त्या विकल्या जातात. या बाटल्यांना नेहमीच्या परवान्याची कठोर परीक्षा द्यावी लागत नाही. प्रतिजैविकं या सवलतीत येत नाहीत. वाईट नसतात त्या, पण वेष्टनावर डेगूचं चित्र आहे म्हणजे डेगूवर पारखून घेतलं आहे, असं समजू नका.

आपल्याकडेही अमॉक्सिसिलिनच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय नको असं सांगणारी. सासूबाईंच्या डब्यातल्या पाकिटावर बघा, सापडेल. आणि ते ड्राय सिरप एकदा पाणी घालून कालवलेलं असेल तर आठवड्याभरात संपवायचं किंवा टाकायचं असतं, अगदी नातवासाठीसुद्धा. टाकायचं म्हणजे बेसिनमध्ये ओतायचं नाही, औषधांच्या दुकानात परत नेऊन द्यायचं.

मग लाडूला झालंय काय? पत्रावरून मी निदान करणार नाही, पण तुमच्या व्हेटना काय विचारायचं ते सांगतो. डेगूचे पटाशीचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढत राहतात. कडक गवत चघळून ते झिजले नाहीत तर वर तोंडात टोचतात आणि खाली मुळंही लांबतात. वरच्या दाढांचं मूळ लांबलं की अश्रूंच्या नळीवर आणि नाकाच्या पोकळीवर दाब येतो. डोळा पाणावतो, शिंका येतात, श्वासाला घरघर लागते. आपल्याला वाटतं सर्दी झाली. चेकियातल्या ब्रनो इथे 300 पाळीव डेगूंच्या आजारांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात सगळ्यात जास्त आढळला तो दातांचाच आजार. असं असेल तर जगातलं कुठलंही प्रतिजैविक तो दात आत ढकलणार नाही. एक्सरे लागेल. डोळ्यात गवताची काडी टोचूनही पाणी येतं. तेव्हा सासूबाईंच्या डब्यात डोळ्याचे थेंब असतील तर तेही नकोत. पुष्कळ थेंबांत स्टिरॉइड असतं, आणि बुबुळाला जखम असताना ते पडलं तर जखम चिघळते.

जवळचे व्हेट डेगू पाहत नसले तरी त्यांना फोन करा आणि ‘एक्झॉटिक्स पाहणारं कोण आहे?’ असं विचारा. ते पत्ता देतात. ‘माझा डेगू बारा तास खात नाही’ एवढं वाक्य उच्चारलंत तर दोन दिवसांनंतरची वेळ बहुधा त्याच दिवशीची होते. जाताना चकलीलाही न्या. डेगू कळपाने राहतात, एकटा पडला की आजार बाजूलाच राहतो आणि धास्तीनेच तो खाणं सोडतो. शिवाय आठवडाभर वेगळे ठेवले की परत एकत्र आल्यावर भांडतात, कधी रक्त निघेपर्यंत. भुलीची वेळ आली तर रिकाम्या पोटी आणायचं का, हे नक्की विचारा. आपल्याला ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, कारण भुलीत उलटी होऊ शकते. डेगूला उलटी करताच येत नाही आणि उपास त्याच्या आतड्याला सोसत नाही. माहीतगार व्हेट त्याला शेवटपर्यंत गवत खाऊ देतात.

घरगुती उपाय विचारलेत. हळद-मध नको. मध, गूळ, मनुका, साखरेचं सिरप यातलं काहीच नको. डेगूला मधुमेह फार सहज होतो. त्याच्या स्वतःच्या शरीरातलं इन्सुलिनच इतर सस्तन प्राण्यांपेक्षा वेगळ्या घडणीचं आणि बरंच दुबळं असतं. साखर वाढली की काही आठवड्यांत डोळ्यात मोतीबिंदू उतरतो, कारण त्याच्या डोळ्याच्या भिंगात साखरेचं सॉर्बिटॉल करणारं द्रव्य भरपूर असतं. मोतीबिंदू दिसला की मधुमेहाची शंका घ्यायची. पण मग सासूबाईंच्या डब्यात शुगरची गोळी असेल तर तीही द्यायची नाही! तशा गोळीने लाडूची साखर इतकी घसरू शकते की तो झटके येऊन जाईल. डेगूच्या मधुमेहाचा इलाज सहसा ताटातच असतो : गोड बंद, सुकं गवत मुबलक. व्हेटने दिलेलं औषध गोड सिरपात असेल तर विचारा, पण चार दिवसांच्या औषधातल्या दोन थेंब गोडीपायी ते औषधच टाळू नका. त्या गोडीने लाडूला मधुमेह होणार नाही.

दही? आपल्या पोटाला दही बरं, म्हणून पुष्कळ जण देतात. डेगूच्या अंधनालेतले जिवाणू विरजणातले नव्हेत, आणि त्याला दुधाची साखर पचत नाही. व्हेट कधीकधी निरोगी जोडीदाराच्या ताज्या लेंड्यांचं पाणी पाजतात. ऐकायला किळस येते, पण दह्यापेक्षा ते शंभरपटीने शहाणपणाचं आहे, आणि चकली ते काम फुकटात करतेच.

घरगुती म्हणून खरी एकच वस्तू सांगतो : स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. लाडूला एका वाडग्यात बसवा, काट्यावर ठेवा, आकडा कॅलेंडरवर लिहा. आठवड्यातून दोनदा, आणि आजारपणात रोज, एकाच वेळी. 200 चा 180 झाला तर त्याला बरं वाटत असलं तरी व्हेटकडे न्या. डेगू आजार लपवतात. रानात जो आजारी दिसतो त्याला घार आधी उचलते. काटा मात्र खोटं बोलत नाही, आणि औषधाची मात्राही त्या आकड्यावरच काढतात. ‘साधारण पाव किलो’ असं सांगून मात्रा काढलीत आणि लाडू भरला 170, तर जवळजवळ दीडपट औषध गेलं.

औषध पाजायची रीत शेवटी सांगतो, कारण व्हेटकडे ती दाखवतात पण घरी आल्यावर सगळे विसरतात. एक मिलिलीटरची, सुई नसलेली सिरिंज घ्या. लाडूला मऊ टॉवेलात गुंडाळा, तोंड बाहेर, पाय आत. शेपटी कधीही धरू नका. डेगूच्या शेपटीचं कातडं मोज्यासारखं सोलून हातात येतं. शिकारी प्राण्याच्या तावडीतून सुटायची त्याची ती युक्ती आहे, आणि ते कातडं परत येत नाही. सिरिंजचं टोक बाजूने आत घाला, पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. एकेक थेंब सोडा आणि तो गिळेपर्यंत थांबा. समोरून पिचकारी मारलीत तर औषध फुप्फुसात जातं. पाण्याच्या बाटलीत औषध घालायचा मोह टाळा. हा कोरड्या मुलखातला प्राणी, पाणी थोडंच पितो, आणि पाण्याची चव बदलली तर तेवढंही पिणं सोडतो. शिवाय किती औषध लाडूच्या पोटात गेलं आणि किती चकलीच्या, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर तुमचा दुसरा ईमेल आला. एक्सरेत वरच्या डाव्या दाढेचं मूळ लांबलेलं निघालं, भूल देऊन दाढा घासल्या, वेदनेचं औषध सुरू आहे, प्रतिजैविक दिलेलंच नाही. बेसन मोजायचा काटा आता लाडूच्या नावावर झाला आहे. सासूबाई रोज सकाळी चहाआधी त्याला वाडग्यात बसवतात आणि आकडा मराठीतच मोठ्याने वाचतात. मंगळवारी 191 होता, शुक्रवारी 197.

आणि हो, चकलीच्या खाजेचं व्हेटना विचारायचं राहून गेलं, असं तुम्ही लिहिलंय. परवा दाढा दाखवायला जाल तेव्हा विचारा. तोवर तिला वाळू द्या, पण लाडूच्या डोळ्यापासून लांब.